सुरतेतला नेम

सुरत हे शहर खाण्याचे आणि कापडाचे, अशी त्याची ख्याती दूरवर पसरलेली आहे. 'सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण' भाग्याने लाभते, अशा अर्थाची म्हण गुजराती बांधवांच्या तोंडी नित्य असते. थंडीतला पोंक, चांदणी पडव्याची घारी आणि सकाळचा गरम लोचो यांची चव ज्याने घेतली, तो या म्हणीवर वाद घालीत नाही. अशा या रसिक नगरीविषयी लिहिताना आम्ही पिस्तुलाचा विषय काढावा, हे काही वाचकांस विक्षिप्त वाटेल. परंतु ज्या शहराच्या ऐन मध्यावर, तापीच्या काठी, तोफांच्या लढाईसाठी बांधलेला किल्ला चार शतकांहून अधिक काळ उभा आहे, तेथे हा विषय अगदीच परका मानण्याचे कारण नाही.

चौक बाजारालगतचा हा किल्ला सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांचे हल्ले सोसून झाल्यावर, खुदावंदखानाने बांधविला. आता त्याचा जीर्णोद्धार होऊन तेथे संग्रहालय झाले आहे. आम्ही शाळेतील मुलांना घेऊन तेथे गेलो म्हणजे १६६४ आणि १६७० या दोन सालांची आठवण मुलेच आम्हांस करून देतात. मराठी मुलांस ही सने पाठ करावी लागत नाहीत. शिवछत्रपतींच्या स्वारीत शहर लुटले गेले, किल्ला मात्र शाबूत राहिला, हे त्यांना ठाऊक असते. त्यांना सहसा ठाऊक नसते ते असे की, १६६४ च्या स्वारीत सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि त्याच्या तोफांनी मराठ्यांपेक्षा शहरातील घरांचीच हानी अधिक केली, असे इतिहासकार सांगतात. शस्त्र हाती आहे, पण नेम नाही, अशा वेळी ते प्रथम आपल्याच घरावर उलटते. हा धडा किल्ल्याच्या भिंतीपाशी उभे राहून सांगता येतो, म्हणून आम्ही तो दरवर्षी सांगतो.

गेल्या वर्षी हाच धडा आमच्या आप्तमंडळींत उपयोगी पडला. आमच्या धाकट्या मेहुण्यांचा उधन्यास यंत्रमागाचा लहानसा कारखाना आहे. तीन पिढ्यांपूर्वी खानदेशातून आलेले हे कुटुंब आता पुरते सुरती झाले आहे. घरात मराठी बोलतात, हिशेब गुजरातीत करतात आणि भांडण झाले तर दोन्ही भाषांत करतात. त्यांची एकोणीस वर्षांची कन्या महाविद्यालयात एन.सी.सी. मध्ये आहे. शिबिरात .२२ च्या रायफलीने पंचवीस मीटरवर तिने झाडलेल्या पाच गोळ्या एका वाटीच्या तोंडात मावतील इतक्या जवळजवळ बसल्या. तेव्हापासून तिच्या मनाने नेमबाजीचा ध्यास घेतला. रायफलीपेक्षा पिस्तूल तिला अधिक भावले. वडिलांनी उत्साहाच्या भरात जाहीर केले की, दिवाळीला मुलीला उत्तमातले .२२ चे पिस्तूल घेऊन देणार, आणि व्याऱ्याकडील शेतावर डबे मांडून आपणही हात साफ करणार.

घरात एकच गहजब झाला. आमच्या सासूबाईंनी अन्न सोडण्याची भाषा केली. त्यांचा मुद्दा साधा होता. घरात नऊ वर्षांचा नातू आहे, तो कपाटाच्या किल्ल्या कोठे असतात हे सर्वांहून अधिक जाणतो. मेहुण्यांचे म्हणणे असे की, मुलगी पुढे जात असता आपणच तिचे पाय ओढावेत काय? कन्या बिचारी दोघांच्या मध्ये गप्प. अखेर, "भावोजी, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा कोणते पिस्तूल घ्यावे," असा निवाडा आमच्याकडे आला. मराठी साहित्याच्या पदवीचा पिस्तुलाशी संबंध काय, हा प्रश्न आम्हांस पडला खरा. तथापि शिक्षकाने माहिती मिळविण्यास कधी नकार देऊ नये, या न्यायाने आम्ही चौकशीस लागलो. त्या चौकशीचे सार येथे देत आहोत. आपल्या समाजातील अनेक घरांत हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. निशाणाच्या सरावाला आपल्याकडे 'चांदमारी' म्हणत. पांढऱ्या फळ्यावरील गोल वर्तुळ हा चांद, आणि त्यावर मारा ती चांदमारी. शब्द असा गोड असला तरी त्यामागील यंत्र समजून घेणे अगत्याचे आहे. दिवाळीत मुले टिकल्या फोडतात. टिकलीवर आघात झाला की दारू पेटते, हे तत्त्व प्रत्येक घरास परिचित आहे. .२२ च्या काडतुसात अशीच स्फोटक पूड पितळी नळकांडीच्या तळाच्या कडेत, म्हणजे काठात भरलेली असते. घोडा पडला की खीळ त्या काठाला चेपते, पूड पेटते, आतली दारू जळते आणि शिशाची गोळी बाहेर पडते. या घडणीमुळे अशा काडतुसाला 'रिमफायर' म्हणतात. मोठ्या काडतुसांत ही पूड तळाच्या मध्यभागी बसविलेल्या टोपीत असते. रिमफायरचे रिकामे काडतूस पुन्हा भरता येत नाही. ते स्वस्त असते, त्याचा धक्का सौम्य असतो आणि आवाज बेताचा असतो. आज सर्वत्र चालणारे 'लाँग रायफल' नावाचे .२२ काडतूस अमेरिकेत १८८७ साली निघाले. त्याची गोळी अवघी अडीच ग्रॅमच्या आसपास, व्यास सुमारे साडेपाच मिलीमीटर. इतक्या लहान गोळीला खेळणे समजण्याचा मोह होतो. तो मोह घातक आहे, कारण हीच गोळी मोकळ्या जागी दीड किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत जाऊ शकते. व्याऱ्याच्या शेतावरील डबा चुकला तर गोळी कोणाच्या बांधावर जाऊन पडेल, हे कोण सांगणार?

या खेळाशी गुजरातेतील मराठी माणसाचे नाते जुने आहे, हे आम्हांस या निमित्ताने नव्याने जाणवले. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजेच लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब. त्यांचा जन्म १८८८ साली बडोद्यास झाला, कर्मभूमी अहमदाबाद आणि मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले. दादासाहेब गांधीजींचे अनुयायी, स्वातंत्र्याच्या चळवळीत अनेकदा तुरुंगात गेलेले. कैद्यांच्या जीवनातील माणुसकीवर त्यांनी गुजरातीत लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते. अशा अहिंसावादी गृहस्थाने रायफल संघटनेचे अध्यक्षपद का पत्करावे? आम्हांस यात विसंगती वाटत नाही. शस्त्र शिस्तीच्या अंगणात आणून ठेवले म्हणजे त्याची भीती आणि त्याची मिजास दोन्ही उतरतात, असे त्यांचे मत असावे, असा आमचा तर्क आहे. आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची मोठी पायरी म्हणून जी स्पर्धा भरते, ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता कायद्याकडे वळू. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे. .२२ चे पिस्तूल कितीही लहान असले तरी ते अग्निशस्त्र आहे, आणि परवान्याशिवाय ते बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे. सुरत शहरापुरता परवाना पोलीस आयुक्तांकडून मिळतो, आयुक्तालय नसलेल्या भागांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून. अर्जदाराला एकवीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. शस्त्र हाताळण्याचे सुरक्षा-प्रशिक्षण घेतल्याचा दाखला द्यावा लागतो आणि शस्त्र घरी कुलूपबंद ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. बारा वर्षांपुढील होतकरू नेमबाजांसाठी देखरेखीखालील सरावाची तरतूद निराळी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकास जास्तीत जास्त दोन शस्त्रांची मर्यादा घातली, आणि लग्नात वा मिरवणुकीत आनंदाने गोळी झाडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली.

मेहुण्यांची एक कल्पना अशी की, परवाना आपल्या नावाने काढावा आणि पिस्तूल मुलीने वापरावे. कायद्याला हे मान्य नाही. ज्याचा परवाना, त्याचे शस्त्र. शाळेत एकाच्या नावावर दुसऱ्याने परीक्षेस बसावे, तसाच हा प्रकार झाला. परदेशी पिस्तुलांची आयातही सर्वसामान्य नागरिकाला खुली नाही. स्पर्धांतून विशिष्ट गुण मिळवून मान्यता पावलेल्या नेमबाजांनाच ती सवलत मिळते. तेव्हा 'उत्तमातले पिस्तूल' दिवाळीच्या बाजारात पैसे मोजून मिळण्याजोगी वस्तू नाही, हे प्रथम ध्यानी आले.

इतके ऐकूनही मेहुण्यांचे समाधान झाले नाही. म्हणून बाप-लेकीस घेऊन आम्ही शहरातील एका नेमबाजीच्या वर्गात गेलो. एका इमारतीच्या लांबट दालनात दहा मीटरच्या पल्ल्यावर हवेच्या पिस्तुलांचा सराव चालतो. दोन बाजूंस हिरे घासण्याचे कारखाने, खाली साड्यांना टिकल्या लावण्याचे काम, आणि मध्ये हे दालन. आत मात्र वाचनालयासारखी शांतता. शिकविणारे गृहस्थ गुजराती, पूर्वी स्वतः स्पर्धांत उतरलेले. त्यांनी एक किलोहून थोडे अधिक वजनाचे रिकामे पिस्तूल आमच्या मेहुण्यांच्या हाती दिले आणि एका हाताने समोर धरून उभे राहण्यास सांगितले. अर्ध्या मिनिटात त्यांचा हात पिंपळपानासारखा हलू लागला. मग तेच पिस्तूल कन्येने धरले. तिचाही हात हलला, पण तिने तो खाली घेतला, श्वास सोडला आणि पुन्हा वर उचलला. गुरुजींनी मान डोलावली. "हात हलतो हे कळून जो थांबतो, त्याला शिकविता येते," असे ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी पिस्तूल कसे पारखावे, ते समजावून सांगितले. पहिली गोष्ट मूठ. लाकडी मूठ हाताच्या मापाची हवी. लहान, मध्यम, मोठी अशी मापे असतात, आणि कानशीने घासून ती तळव्यात नेमकी बसविता येते. मोठ्या माणसाच्या मापाची मूठ मुलीच्या हातात दिली तर दर गोळीला पकड निराळी पडते. दुसरी गोष्ट घोड्याचा ताण. पंचवीस मीटरच्या स्पर्धेत तो किमान एक किलो असावा लागतो, हवेच्या पिस्तुलात किमान पाचशे ग्रॅम. ताण हलका असण्यापेक्षा तो प्रत्येक वेळी सारखा असणे महत्त्वाचे. तिसरी गोष्ट पुढच्या आणि मागच्या माशीतील अंतर. येथे आमच्यातील गणित शिकविणारा मास्तर जागा झाला. दोन माश्यांत वीस सेंटीमीटर अंतर असेल आणि त्यांची जुळणी एक मिलीमीटरने चुकली, तर पंचवीस मीटरवर गोळी साडेबारा सेंटीमीटर बाजूला जाते. अंतर दहाच सेंटीमीटर असेल, तर तीच चूक पंचवीस सेंटीमीटरची होते. पंचवीस मीटरच्या अचूक नेमाच्या फळ्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त पाच सेंटीमीटर असतो. तेव्हा खिशात मावणारे आखूड शस्त्र निशाणाच्या खेळास का निरुपयोगी, हे मुलांच्या पाटीवरही सिद्ध होते.

याच हिशेबाने मेहुण्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळाले. इच्छापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात 'निडर' नावाचे .२२ चे हलके रिव्हॉल्व्हर तयार झाले, ते का घेऊ नये? ते स्वसंरक्षणासाठी घडविलेले. हलके आणि आखूड असणे हा त्याचा गुण, आणि निशाणापुढे तोच त्याचा दोष. फिरत्या चक्राचे रिव्हॉल्व्हर नवशिक्यास समजावयास सोपे, कारण ते भरले आहे की रिकामे, हे चक्र उघडताच दिसते. उलट स्पर्धेची पिस्तुले आपोआप भरणारी असतात. वाल्थर, पार्दिनी, हॅमर्ली अशी त्यांची प्रसिद्ध घराणी आहेत. त्यांतील पेटी काढून घेतली तरी एक काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी राहिलेले असू शकते. अनेक अपघात या एका काडतुसाने होतात. म्हणून पेटी काढल्यावर खोबण उघडून डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे, आणि तरीही ते भरलेले आहे असे मानूनच नळी सुरक्षित दिशेस धरावी. आणखी एक बारकावा असा की, रिमफायरचे पिस्तूल रिकामे असता घोडा वारंवार ओढू नये. काठावर पडण्याऐवजी खीळ नळीच्या कडेवर आपटून दोन्हींची झीज होण्याची भीती असते. सराव संपल्यावर हात स्वच्छ धुवावेत, कारण शिशाचे कण बोटांस लागलेले असतात. कानांना आणि डोळ्यांना संरक्षण नसेल तर गोळी झाडूच नये.

सर्व ऐकून मेहुण्यांनी अखेरचा प्रश्न केला, "मग यांतले विकत कोणते घ्यावे?" गुरुजींनी उत्तर न देता शांतपणे विचारले, "ते रात्री कोठे निजणार?" मेहुणे निरुत्तर झाले. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात कुलूपबंद लोखंडी पेटी भिंतीत बसवावयास जागा नव्हती, आणि नऊ वर्षांच्या मुलाची हुशारी त्यांना आमच्याहून अधिक माहीत होती. सासूबाईंच्या हट्टाला आम्ही सर्वांनी आतापर्यंत म्हाताऱ्या माणसाची भीती समजून बाजूस सारले होते. त्यांनी विचारलेला प्रश्न आणि या जाणत्या नेमबाजाने विचारलेला प्रश्न एकच होता, हे त्या क्षणी बाप-लेकीच्या एकदमच ध्यानात आले.

निर्णय असा झाला. कन्येने प्रथम हवेचे पिस्तूल चालवावयास शिकावे. साडेचार मिलीमीटरच्या नळीच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या शक्तीच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. तेही वर्गातच ठेवावे, घरी आणू नये. सुरतेत उत्तरायणाला सारे शहर गच्चीवर असते, आणि एरवीही एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवरची माणसे हाताच्या अंतरावर दिसतात. अशा वस्तीत हवेचा छराही एखाद्याचा डोळा घेऊ शकतो. डुमसच्या किनाऱ्यावर फुगे फोडणे निराळे आणि गल्लीत छरे उडविणे निराळे. .२२ चे पिस्तूल हाती घ्यावयाचे ते मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या मैदानावर, क्लबाच्याच शस्त्राने आणि जाणत्याच्या देखरेखीखाली. त्यासाठी सुटीत अहमदाबादेस जावे लागले तर जावे. आगगाडीने सव्वादोनशे किलोमीटरांचा तर प्रवास. दोन वर्षांनी वय पूर्ण होईल, गुण येतील, तेव्हा स्वतःच्या शस्त्राचा विचार. तोपर्यंत तिला आपल्या हाताचे माप, आपला श्वास आणि आपली चिकाटी कळलेली असेल, आणि निवड ती स्वतःच करील.

कन्येने हे सारे ऐकून घेतले. परतताना मजुरा गेटापाशी तिने आम्हांस हळूच विचारले, "काका, पण एवढ्या उशिरा सुरुवात करून काही होईल का?" आम्ही तिला कोल्हापूरच्या मुलींची गोष्ट सांगितली. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत .२२ च्या रायफलीने सुवर्णपदक जिंकून आल्या. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी आपल्या गुजरातेतील लज्जा गोस्वामी यांच्या जोडीने रौप्यपदक मिळविले. तेजस्विनींच्याच शाळेत शिकलेल्या राही सरनोबत यांचा बंदुकीशी पहिला परिचय एन.सी.सी. मध्येच झाला. २०१३ साली त्यांनी कोरियातील विश्वचषक स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. मध्ये कोपराच्या दुखापतीने त्यांना बराच काळ मागे खेचले. तरीही २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्या अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी बरोबरीत राहिल्या, जादा फेऱ्या खेळल्या आणि जिंकल्या. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. यश किती वर्षांनी येते, याचे गणित आम्ही तिला मांडून दाखविले नाही. ते तिने मनातल्या मनात केले असावे, कारण ती पुढे काही बोलली नाही.

मराठीत 'नेम' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक निशाणाचा, दुसरा व्रताचा. पहाटे उठून तापीवर स्नान करण्याचा नेम आमच्या सासूबाईंनी गुडघे साथ देत होते तोवर पाळला. नातीने आता आठवड्यातून चार दिवस पहाटे सहाला वर्गात जाण्याचा नेम धरला आहे. तिला उठविण्याचे काम सासूबाईंनी आपणहून पत्करले आहे, आणि जाताना तिच्या डब्यात दशमी त्याच घालतात. मेहुण्यांनी दिवाळीला मुलीला कानांवर लावावयाची उत्तम बोंडे आणि दोन वर्षांची फी दिली. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा उत्साह जागा होईल, त्यांनी दुकानाची चौकशी करण्याआधी जवळच्या रायफल क्लबाची करावी, आणि मुलास वा मुलीस घेऊन एक सकाळ तेथे बसावे, एवढीच आमची विनंती आहे.